उष्णता चढवायची की आहे तशीच वापरायची? वाचकांचे प्रश्न

कारखान्यात किंवा वीजकेंद्रात वाया जाणाऱ्या उष्णतेचे तापमान चढवून तिच्यावर समुद्राचे पाणी गोडे करता येईल का, या विषयावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे आणि उत्तरे इथे देत आहोत. उत्तरांत ‘युनिट’ म्हणजे विजेचे युनिट, तापमान सेल्सिअसमध्ये, आणि दाब मिलिबारमध्ये दिला आहे तिथे तो निरपेक्ष समजावा, गेजवरचा नव्हे.

प्रश्न : आमचे सल्लागार कार्यालय नागपुरात आहे, काम कोकण किनाऱ्यावरच्या एका कारखान्याचे. तिथल्या गॅस इंजिनाच्या जॅकेट वॉटरमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून, २०० किलोवॉट उष्णता मिळते. पाणी ८८ अंशांना बाहेर येते, ८० अंशांना परत द्यायचे. हीट ट्रान्सफॉर्मर बसवून ही उष्णता १२० अंशांवर नेली आणि पुढे मल्टी-इफेक्ट डिस्टिलेशन म्हणजे एमईडी लावले, तर पाणी जास्त मिळेल, असा प्रस्ताव मालकांकडे आला आहे. तो बरोबर आहे का?

नाही. पाणी कमी मिळेल, आणि यंत्र महाग पडेल ते वेगळेच.

हीट ट्रान्सफॉर्मर (विजेच्या डीपीशी याचा काही संबंध नाही) हे लिथियम ब्रोमाइड आणि पाण्यावर चालणारे शोषण यंत्र. मधल्या तापमानाची उष्णता घेऊन ते तिचे दोन वाटे करते. साधारण ४५ ते ४८ टक्के वाटा वर चढतो, उरलेला खाली उतरून थंड पाण्यात जातो. वीज फक्त पंपांपुरती लागते, म्हणून ते फुकट वाटते. पण अर्ध्याहून जास्त उष्णता आपण स्वतःच्या हाताने टाकून देतो, हे प्रस्तावात सहसा ठळक अक्षरांत नसते.

आता हिशेब करा. २०० किलोवॉट थेट वापरली, तर ७० अंशांच्या आसपासची वाफ ताशी सुमारे ३०८ किलो, म्हणजे दिवसाला ७.४ टन मिळते. एमईडीत टाक्यांची मालिका असते; एका टाकीतली वाफ पुढच्या, कमी दाबाच्या टाकीतले खारे पाणी उकळवते, आणि अशा प्रत्येक टाकीला इफेक्ट म्हणतात. समुद्राचे पाणी २८ ते ३० अंशांचे धरले, तर शेवटचा इफेक्ट ४० अंशांवर चालवता येतो. पहिला ६८ आणि शेवटचा ४०, म्हणजे हातात २८ अंश. प्रत्येक इफेक्टला साडेतीन अंश दिले की आठ इफेक्ट बसतात. नळीतून उष्णता जाण्यासाठी लागणारा फरक, खारेपणामुळे अर्धा ते एक अंशाने वाढणारा उत्कलनबिंदू आणि वाफेतले थेंब अडवणाऱ्या जाळीतला म्हणजे डेमिस्टरमधला दाबाचा तोटा, हे सगळे त्या साडेतीन अंशांतच भागवायचे. अशा संचात एक किलो वाफेमागे साधारण सहा किलो पाणी मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे ४४ घनमीटर.

हीट ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला तर वर पोचते सुमारे ९६ किलोवॉट. एमईडीला १२० अंशांची वाफ थेट चालत नाही, कारण पहिल्या इफेक्टला ७० च्या आतच ठेवावे लागते. म्हणून ती २ बारची वाफ स्टीम इजेक्टरला देऊन शेवटच्या इफेक्टमधली वाफ ओढून घ्यायची. त्याने एका किलोमागे नऊ किलोपर्यंत मजल गेली असे उदारपणे धरले, तरी दिवसाला ३२ ते ३४ घनमीटरच होतात.

उष्णता आणखी थंड असती, म्हणजे ६० अंशांची, तरी गणित फारसे बदलत नाही. ६० वर पाच इफेक्ट बसतात, एका किलोमागे चार किलो पाणी. चढवून ७२ वर नेली तर नऊ इफेक्ट, एका किलोमागे साडेसात किलो. पण उष्णता अर्ध्यावर आलेली, म्हणजे मूळ उष्णतेच्या हिशेबाने साडेतीनच. विजेवरच्या हीट पंपाने चढवली तर उष्णता वाया जात नाही, मात्र घनमीटरमागे सुमारे १० युनिट त्यातच जातात. समुद्राच्या पाण्यावरचा आरओ ३ ते ४ युनिटमध्ये तेच काम करतो.

त्यामुळे प्रस्ताव तपासताना पहिला प्रश्न हाच विचारा : आहे त्या तापमानावर किती इफेक्ट बसतात? पाच किंवा जास्त बसत असतील तर चढवण्याचा विचार सोडा.

एक गोष्ट मात्र मालकांना जरूर सांगा. त्या कारखान्यात बॉयलर असेल आणि प्रक्रियेला १२० अंशांची वाफ लागत असेल, तर तोच हीट ट्रान्सफॉर्मर तिथे शोभतो. ९६ किलोवॉट म्हणजे दिवसाला सुमारे २४० किलो फर्नेस ऑइलची बचत. याउलट ४४ घनमीटर पाणी आरओने करायला दीडशे युनिट वीज लागते, आणि एमईडीच्या पंपांनाही घनमीटरमागे दीड-दोन युनिट लागतातच. तेल वाचवा आणि पाणी आरओने करा. आकडे तरी हेच सांगतात.

थेट वापराचा निर्णय झाला तर तीन गोष्टी पाहा. इंजिनाचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांच्यामध्ये स्वतंत्र गोड्या पाण्याचे सर्किट आणि प्लेट हीट एक्स्चेंजर हवाच. एक गॅस्केट गेली म्हणून इंजिनाच्या जॅकेटमध्ये क्लोराइड शिरता कामा नये. इंजिनाचा रेडिएटर काढून टाकू नका. तो थ्री-वे व्हॉल्व्हने समांतर ठेवा, नाहीतर एमईडी बंद पडली की इंजिनही बंद. आणि परतीचे पाणी ८० च्या बरेच खाली जाऊ देऊ नका. इंजिन उत्पादकाची खालची मर्यादा लेखी मागून घ्या.

प्रश्न : शोषण यंत्रातले लिथियम ब्रोमाइड ‘जमते’ म्हणतात. वीज गेली की यंत्र कायमचे बसते का?

कायमचे नाही, पण सोडवायला दिवस जातो. ६५ टक्क्यांच्या आसपासचे द्रावण ४० ते ५० अंशांच्या दरम्यान थंड झाले की स्फटिक धरू लागते. वीज जाते, पंप थांबतात, आणि घट्ट द्रावण सोल्यूशन हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांत उभे राहते. तिथेच ते जमते. म्हणून द्रावणाचा आणि रेफ्रिजरंटचा पंप यूपीएसवर किंवा डीजीच्या तातडीच्या फीडरवर घ्यावा, आणि यंत्र थांबताना आधी पाणी मिसळून द्रावण पातळ करणारे चक्र पूर्ण होऊ द्यावे. जमलेच तर एक्स्चेंजर बाहेरून गरम पाण्याने किंवा कमी दाबाच्या वाफेने हळूहळू तापवतात. गॅसच्या बत्तीने शेकू नये.

दुसरे दुखणे हवेचे. हवा शिरली की गंज वाढतो, गंजातून हायड्रोजन सुटतो, आणि यंत्राची ताकद घटत जाते. ही हवा काढणारा पर्ज पंप किती वेळा चालवावा लागतो याची नोंद ठेवा. आठवड्याचे काम रोजचे झाले तर गळती शोधायला घ्या.

प्रश्न : कोराडीच्या वीजकेंद्रातून एवढी उष्णता कूलिंग टॉवरमधून उडून जाते. चेन्नईजवळच्या वीजकेंद्रात अशाच उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे केले, तर इथे का नको?

चेन्नईचा संदर्भ खरा आहे. राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने म्हणजे एनआयओटीने २००९ मध्ये उत्तर चेन्नई औष्णिक वीजकेंद्रात कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या कोमट समुद्रपाण्यावर रोज दीड लाख लिटरचा संच बसवला. त्याआधी २००५ मध्ये लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला रोज एक लाख लिटरचा संच झाला होता. तिथे वरचे कोमट पाणी आणि खोल समुद्रातले थंड पाणी यांतला फरक वापरला. कोमट पाणी निर्वात टाकीत सोडायचे, थोडे पाणी वाफ होऊन उडते, ती वाफ थंड पाण्याने धरायची. पाण्याचे तापमान ८ अंशांनी उतरले तर हजार लिटरमागे जेमतेम १३ लिटर पाण्याची वाफ होते, म्हणजे पंपिंग प्रचंड. पण समुद्रकाठी वाफ धरायला थंड समुद्र शेजारीच असतो.

कोराडीत थंड पाणी देणारा एकच, कूलिंग टॉवर. टर्बाइनच्या कंडेन्सरलाही तोच पाणी देतो. मध्ये ऊर्ध्वपातनाचा संच बसवला की दोन-चार अंश त्याला द्यावे लागतात, टर्बाइनला तेवढे गरम पाणी मिळते, व्हॅक्यूम कमी होतो आणि मेगावॉट घटतात. टॉवर किती थंड करणार हे वेट बल्ब तापमानावर, म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या तापमानावर ठरते; हवा जितकी दमट तितके ते जास्त. नागपुरात ते ४५ अंशांच्या मे महिन्यात २३-२४ च्या आसपास असते आणि जुलैत २६-२७ वर जाते. मे महिन्यात चालणारा आपला कूलर पावसाळ्यात नुसता वारा देतो, त्याचे कारणही हेच. म्हणजे हवा सुखद होते तेव्हाच टॉवरची अडचण वाढते.

शिवाय इथे पाण्याचा प्रश्न खारेपणाचा नाही. भांडेवाडीच्या १३० एमएलडी (रोज १३ कोटी लिटर) केंद्रातले प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीला जाते. नागपूरच्या संदर्भात त्या वाटेने जेवढे पाणी वाचते, तेवढे कोणत्याही ऊर्ध्वपातनाने वाचणार नाही.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. किनाऱ्यावरच्या एमईडीसाठी ३१६ एल स्टीलचे २० घनमीटरचे शेल म्हणजे बाहेरची टाकी बनवली. ग्राहक ५० मिलिबारला व्हॅक्यूम होल्ड टेस्ट मागतो. आमचा वॉटर रिंग पंप ७५ च्या खाली जातच नाही. सगळ्या वेल्डची डाय टेस्ट झाली, साबणाचे पाणी लावून पाहिले, गळती कुठेच नाही. काय चुकते?

बहुतेक तुमचे शेल ठीक आहे आणि पंपाचे पाणी गरम आहे. वॉटर रिंग पंपात फिरणाऱ्या पाण्याचे कडे म्हणजे रिंग हवा ओढते, त्यामुळे तो त्या पाण्याच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. पाणी ४० अंशांचे असेल तर तो दाब ७४ मिलिबार, ३५ चे असेल तर ५६, आणि ३० चे असेल तर ४२. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी मे महिन्याच्या दुपारी ४० च्या पुढे सहज जाते. पंपावर थर्मामीटर लावा, खुलासा तिथेच होईल. उपाय सोपे आहेत. रिंगचे पाणी म्हणजे सील वॉटर जमिनीतल्या टाकीतून घ्या, ते फिरवत असाल तर बर्फ टाका किंवा लहान चिलर जोडा, आणि चाचणी पहाटे करा. ५० मिलिबार नेहमीच लागणार असेल तर पंपापुढे एअर इजेक्टर जोडणे बरे.

मग होल्ड टेस्ट. सगळे नोझल ब्लाइंड करा, शेल आतून गरम हवेने पूर्ण वाळवा. ५० वर आणून व्हॉल्व्ह बंद करा, पंप तोडा, आणि दर तासाला दाबाबरोबर शेलच्या भिंतीचे तापमानही लिहा. दाब एकसारखा, सरळ रेषेत वाढत राहिला तर हवा आत येते आहे. आधी भराभर वाढून एका आकड्यावर थांबला तर ती गळती नाही, आत राहिलेले पाणी आहे. ४० अंशांच्या भिंतीला तो आकडा ७४ च्या जवळ येईल. २० घनमीटरच्या शेलमध्ये तासाला २ मिलिबार वाढ म्हणजे ताशी सुमारे ४५ ग्रॅम हवा. ग्राहकाच्या क्वालिटी प्लॅनमध्ये मर्यादा ग्रॅममध्ये असेल तर असेच रूपांतर करा.

गेजचा घोळ वेगळा. साधा व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत वाचतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडे उंच, त्यामुळे इथला वातावरणाचा दाब सुमारे ७३० मिमी पारा, किनाऱ्यावर ७६० च्या आसपास. गेजवर उणे ७०० दिसले तर हिंगण्यात ते ३० मिमी म्हणजे ४० मिलिबार, आणि किनाऱ्यावर तेच ६० मिमी म्हणजे ८० मिलिबार. बाष्पाच्या भाषेत एक २९ अंश आणि दुसरा साडेएकेचाळीस. इथे पास झालेला संच तिथे इफेक्टचे तापमान धरत नाही, अशी तक्रार आली की आधी गेज कोणता ते विचारा. अहवालात ॲब्सोल्यूट गेजचाच आकडा लिहा.

जाता जाता : ३१६ एलच्या शेलची हायड्रो टेस्ट बोअरच्या पाण्याने करत असाल तर थांबा. क्लोराइड ५० पीपीएमच्या आत असलेले पाणी घ्या, चाचणी झाल्याबरोबर पूर्ण निचरा करा आणि वाळवा. तळाशी राहिलेला दोन इंच पाण्याचा थर उन्हाने आटत जातो, क्लोराइड दाट होते, आणि शेल किनाऱ्यावर पोचण्याआधीच त्याला खड्डे पडतात.

हवा आत येण्याचा एवढा बाऊ का, तर ती नळ्यांभोवती साचते आणि वाफेला नळीपर्यंत पोचू देत नाही. साडेतीन अंशांवर चालणाऱ्या इफेक्टला एक अंशाचे नुकसानही परवडत नाही. व्हेंटचे नोझल ड्रॉइंगमध्ये वाफेच्या वाटेच्या अगदी शेवटी, सर्वांत थंड कोपऱ्यात आहे का, हे वेल्ड करण्याआधी पुन्हा पाहून घ्या.

प्रश्न : एमईडीमध्ये ७० अंशांची मर्यादा कुणी घातली? वर गेलो तर इफेक्ट जास्त बसतील. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

क्षारांनी घातली. तापमान वाढले की बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेट बसते, पुढे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. कॅल्शियम सल्फेट तर तापमान वाढेल तसे कमी विरघळते, म्हणजे सर्वांत गरम नळीवर सर्वांत आधी बसते. कार्बोनेटची पापडी सल्फॅमिक ॲसिडने निघते. सल्फेटची ॲसिडला दाद देत नाही. मल्टी-स्टेज फ्लॅशमध्ये खारे पाणी नळीत वेगाने वाहते आणि उकळते टाकीत, म्हणून तिथे ९० ते ११० अंश चालतात. एमईडीत पाण्याचा पातळ पडदा नळीवरच उकळतो. हा पडदा फाटू नये म्हणून नळीच्या दर मीटरला, एका बाजूला, मिनिटाला साधारण दोन-तीन लिटर पाणी लागते. फवाऱ्याचे एक तोंड बुजले की त्याखालचा नळीचा पट्टा कोरडा पडतो आणि पापडी तिथून सुरू होते. अँटिस्केलंट २ ते ५ पीपीएम घातले तरी कोरड्या नळीला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : बुटीबोरीत आमच्याकडे आरओच्या रिजेक्टसाठी, म्हणजे उरलेल्या दाट खाऱ्या पाण्यासाठी, एमव्हीआर इव्हॅपोरेटर आहे. सुरुवातीला उत्तम चालतो, पण मीठ दाट होत आले की बाष्पीभवन जवळजवळ थांबते. फॅनची दुरुस्ती केली, फरक नाही.

उष्णता चढवण्याचे काम खरोखर परवडते ते इथे. एमव्हीआरमध्ये निघालेली वाफच फॅनने दाबून काही अंश गरम करतात आणि त्याच नळ्यांना परत देतात. समुद्राहून दुप्पट खारे झालेले पाणी साधा आरओ पुढे नेऊ शकत नाही, त्यामुळे टनामागे वीस-पंचवीस युनिट गेले तरी तक्रार नसते.

तुमच्या फॅनची पाटी पाहा. एक टप्प्याचा फॅन वाफेचे तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी चढवतो. मिठाचे संपृक्त द्रावण १०० ऐवजी सुमारे १०८.७ अंशांना उकळते. फॅनने दिलेले ७ अंश उत्कलनबिंदूच्या वाढीतच संपले, तर नळीतून उष्णता जायला फरक उरतोच कुठे? फॅन निरोगी आहे, त्याच्याकडून जास्त अपेक्षा केली जाते आहे. एमव्हीआर १५ ते १८ टक्के मिठापर्यंत चालवा, आणि त्यापुढचे काम बॉयलरच्या वाफेवरच्या लहान फोर्स्ड सर्क्युलेशन क्रिस्टलायझरला द्या. किंवा मालिकेत दुसरा फॅन जोडा. रिजेक्टमध्ये मिठाऐवजी मुख्यतः सोडियम सल्फेट असेल तर उत्कलनबिंदू इतका चढत नाही आणि आणखी पुढे जाता येते. म्हणून आधी क्लोराइड आणि सल्फेट वेगवेगळे मोजून घ्या.

वाया जाणारी उष्णता इथे कामी येते ती फीड तापवायला. कंडेन्सेट आणि कॉम्प्रेसरचे गरम तेल यांवर फीड ८५-९० पर्यंत नेले की सुरुवातीची वाफ कमी लागते. डाइंगचे पाणी असेल तर फेसावर लक्ष ठेवा. फेस डेमिस्टरमधून फॅनच्या पात्यांवर गेला की पाती क्षाराने जड होतात आणि कंप वाढतो. कंडेन्सेटची कंडक्टिव्हिटी अचानक चढली की फॅन उघडायच्या आधी डीफोमरचा पंप तपासा.

प्रश्न : आम्ही दर्यापूरकडचे, खारपाण पट्ट्यातले. विहिरी खाऱ्या. गावाजवळच्या ऑइल मिलच्या बॉयलरच्या चिमणीची उष्णता वापरून ते पाणी गोडे करता येईल का?

करता येईल, पण करू नका. पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता पाणी किती खारे आहे हे पाहत नाही. समुद्राचे लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारांचे पाणी असो की तुमचे ३-४ ग्रॅमचे, उष्णता तेवढीच. आरओचे तसे नाही. कमी खाऱ्या पाण्याला दाब कमी लागतो आणि घनमीटरमागे एक ते दीड युनिटमध्ये काम होते.

दुसरी अडचण समुद्र नसल्याची. एका टप्प्याच्या ऊर्ध्वपातनात वाफ धरताना जी उष्णता सुटते ती कूलिंग टॉवरमधून काढली, तर एक लिटर गोडे पाणी मिळवायला जवळपास एक लिटर पाणी हवेत उडते. आठ इफेक्ट लावले तर हा तोटा सहाव्या-सातव्या हिश्शावर येतो, पण आठ इफेक्टचा संच गावाच्या योजनेत चालवणार कोण?

आरओ लावाल तेव्हा दोन गोष्टी आधी ठरवा. रिजेक्ट पुन्हा विहिरीत किंवा नाल्यात सोडायचे नाही. त्यासाठी अस्तर घातलेले बाष्पीभवनाचे तळे हवे, आणि त्याची जागा पावसाच्या पुरात न येणारी हवी. आणि रिकव्हरी, म्हणजे आत गेलेल्या पाण्यातून गोडे मिळणारा वाटा, हाव धरून वाढवू नका. पाण्याच्या तपासणीत कडकपणा, सिलिका आणि फ्लोराइड मागून घ्या आणि ६० ते ६५ टक्क्यांवर थांबा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. त्यामुळे सगळे पाणी आरओतून काढण्याची गरज नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट मर्यादेत असतील तर आरओच्या पाण्यात गाळलेले, निर्जंतुक केलेले विहिरीचे थोडे पाणी मिसळून ३००-४०० वर आणा. चवही बरी लागते आणि मेंब्रेनवरचा भारही कमी होतो.